मजुरांची सिकलसेल तपासणी: रक्त घ्या, पण यादी मुकादमाच्या हाती नको

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ऊसतोड, वीटभट्टी, बांधकाम आणि मिरची तोडणीसाठी गाव सोडणाऱ्या मजुरांची सिकलसेल व थॅलेसेमिया या हिमोग्लोबिनच्या आनुवंशिक आजारांसाठी तपासणी करावी, आणि सोयीची म्हणून ती कामाच्या ठिकाणीच उरकावी, असे वरचेवर सुचवले जाते. कारखान्याच्या आवारात मंडप घालायचा, दिवसभरात तीन-चारशे बोटे टोचायची आणि पॉझिटिव्ह निघालेल्यांची यादी व्यवस्थापनाकडे सोपवायची, असा त्याचा साधारण आराखडा असतो. हेतूविषयी शंका नाही. पण या आराखड्यातली जागा, चाचणी आणि यादी या तिन्ही गोष्टी चुकीच्या आहेत, असे या तपासणीत काम करणाऱ्या आम्हा काही जणांचे मत आहे. कारणे तपशिलात असल्याने पत्र लांबले आहे.

या आजाराचा आणि स्थलांतराचा संबंध नवा नाही. भारतात सिकल पेशींची पहिली नोंद १९५२ सालची. त्या वर्षी लेहमन आणि कटबुश यांनी निलगिरीतल्या आदिवासींमध्ये, तर डनलॉप आणि मुझुमदार यांनी वरच्या आसामातल्या चहामळ्यांवरील मजुरांमध्ये हा दोष दाखवून दिला. ते मळ्यांवरचे मजूर मूळचे बिहार-ओडिशाकडून नेलेले होते. आज आपल्याकडे अक्कलकुवा-धडगावातले भिल्ल-पावरा ऊसतोडीला दक्षिण गुजरातेत जातात, मेळघाटातले कोरकू वीटभट्ट्यांवर, गडचिरोली-चंद्रपूरकडचे लोक मिरची तोडायला तेलंगणात, पालघरचे वारली-कातकरी भिवंडी-वसईकडच्या भट्ट्यांवर. उलट छत्तीसगड आणि ओडिशातून माणसे इकडे बांधकामावर येतात. राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलला सुरू झाले. १७ राज्यांतील २७८ जिल्ह्यांत शून्य ते ४० वयोगटातील सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७पर्यंत निर्मूलन, असे त्याचे उद्दिष्ट आहे. हे काम गाव आणि उपकेंद्र धरून चालते. माणूस मात्र वर्षातले पाच-सहा महिने त्या गावात नसतो. तेव्हा त्याच्या मागे कामाच्या ठिकाणी जावे, हे सुचणे साहजिक आहे.

आधी हे पाहू की फडात किंवा भट्टीवर सापडणार कोण. दोन्ही पालकांकडून सिकलचे जनुक मिळाले तर रक्तात नेहमीच्या हिमोग्लोबिन ए ऐवजी सिकलचे हिमोग्लोबिन एस तयार होते; हा एसएस पॅटर्न, म्हणजे आजार. एकाकडूनच मिळाले तर एएस, म्हणजे वाहक. ज्याला एसएस आहे आणि आजार तीव्र आहे, तो बहुधा कोयता घेऊन दिवसाला दहा-बारा तास ऊस तोडतच नाही. तो घरी असतो, रुग्णालयात असतो किंवा लहानपणीच गेलेला असतो. आपल्याकडच्या रुग्णांत गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन एफ तुलनेने जास्त टिकून राहत असल्याने काहींचा आजार सौम्य असतो आणि असे एसएस प्रौढ कामावर भेटतात, हे खरे. पण अशा शिबिरात निघणारे बहुतेक पॉझिटिव्ह एएस असतात. त्यांना औषध लागत नाही, कामाची मनाई लागत नाही. त्यांना आपल्या पॅटर्नचा उपयोग लग्न ठरवताना आणि मूल होऊ देताना होतो. मुकादमाला, ठेकेदाराला किंवा कारखान्याला या माहितीचा वैद्यकीय उपयोग शून्य आहे.

ज्यांना तपासणीचा सर्वांत जास्त फायदा आहे ती मजुरांच्या यादीत नसतात. ती कोपीबाहेर, उसाच्या पाचटावर, भट्टीच्या कडेला खेळत असतात. एसएस बाळाला पहिल्या पाच वर्षांत न्युमोकोकससारख्या जंतुसंसर्गाचा आणि पाणथरीत (प्लीहेत) अचानक रक्त साठून कोसळण्याचा मोठा धोका असतो. वेळेत निदान झाले तर पेनिसिलिन व्ही (तीन वर्षांखाली १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, पुढे पाच वर्षांपर्यंत २५० मिलिग्रॅम दोनदा), न्युमोकोकल लस, आणि पोटाच्या डाव्या बाजूला हात लावून पाणथरी वाढली का हे ओळखायला आईला शिकवणे, एवढ्यावर बरीच मुले वाचतात. त्यामुळे कामावरचे शिबिर घ्यायचेच असेल तर ते ‘मजुरांचे’ न घेता कुटुंबांचे घ्यावे आणि सुरुवात सर्वांत लहान मुलापासून करावी. आज उलट होते. हजेरीपत्रकावर नाव असलेल्याचे रक्त घेतले जाते आणि पाठुंगळीचे मूल तसेच परत जाते.

आता चाचणी. शिबिरात वापरतात ती सोल्युबिलिटी चाचणी. हिमोग्लोबिन एसमधला ऑक्सिजन काढून घेतला की ते दाट फॉस्फेट द्रावणात विरघळत नाही, द्रावण गढूळ होते आणि नळीमागच्या काळ्या रेघा दिसेनाशा होतात. यात सॅपोनिन पेशी फोडते आणि सोडियम डायथायोनाइट ऑक्सिजन काढते. प्रमाण लिटरला डायपोटॅशियम हायड्रोजन फॉस्फेट २१५ ग्रॅम, पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट १६९ ग्रॅम, डायथायोनाइट ५ ग्रॅम, सॅपोनिन १ ग्रॅम. याच क्रमाने विरघळवायचे. तयार रिएजंट, म्हणजे हे चाचणीचे द्रावण, चार अंश तापमानाला सुमारे सात दिवस टिकतो. नळीत २ मिलिलीटर रिएजंट घेऊन तो खोलीच्या तापमानाला येऊ द्यायचा, त्यात २० मायक्रोलीटर रक्त मिसळायचे, पाच मिनिटे थांबायचे आणि रेघांचा कागद नळीपासून साधारण अडीच सेंटिमीटर मागे धरून वाचायचे. कृती सोपी आहे आणि म्हणूनच ती कुणालाही करायला दिली जाते.

बिघडते ते पुढील ठिकाणी. डायथायोनाइट हवेने आणि उष्णतेने लवकर निकामी होते. मंडपात टेबलावर दिवसभर उघडी राहिलेली बाटली सकाळी बरोबर आणि दुपारी चुकीचे निगेटिव्ह देऊ शकते. यावर उपाय आहे: रिएजंट लशीच्या कॅरियरमध्ये आइसपॅकसोबत ठेवून एकावेळी वीसेक नळ्यांपुरताच बाहेर काढावा, आणि प्रत्येक तुकडीबरोबर एक माहीत असलेला एएस आणि एक एए (सिकल नसलेला) नमुना लावावा. कंट्रोल म्हणून एसएस रक्त लावू नये. त्यात एस इतके जास्त असते की अर्धमेला रिएजंटही त्याला गढूळ करतो आणि सगळे ठीक असल्याचा भास होतो. दुसरी गोष्ट, रक्तक्षय. हिमोग्लोबिन सात-आठ ग्रॅमच्या खाली असेल तर २० मायक्रोलीटर रक्तात पुरेसे एस येतच नाही आणि वाहक निगेटिव्ह वाचला जातो. ऊसतोडीच्या बायकांत हिमोग्लोबिन किती असते हे आरोग्य खात्यातल्या कुणालाही सांगायला नको. अशा वेळी रक्त सेंट्रिफ्यूज यंत्रात फिरवून वरचा प्लाझ्मा काढावा आणि खाली बसलेल्या पेशी १० मायक्रोलीटर घ्याव्यात. त्याने प्लाझ्मातल्या चरबीमुळे किंवा जादा प्रथिनांमुळे येणारे खोटे पॉझिटिव्हही टळते. तिसरे, सहा महिन्यांखालच्या बाळांत एफ जास्त असल्याने ही चाचणी करूच नये. चौथे, गेल्या तीन-चार महिन्यांत रक्त चढवलेले असेल तर निकाल रक्तदात्याचाही असू शकतो. हा प्रश्न फॉर्मवर असतो, विचारला जात नाही.

आणि या सगळ्यांतून सहीसलामत निघालेल्या पॉझिटिव्हचा अर्थही एवढाच, की रक्तात एस आहे. एएस की एसएस, हे ती चाचणी सांगत नाही. नळी १२०० जी वेगाने पाच मिनिटे फिरवून वरच्या थराच्या आणि खालच्या द्रावणाच्या रंगावरून काही जण अंदाज बांधतात. तो अंदाजच समजावा. शिबिरात ‘सिकल आहे’ एवढे सांगून पाठवलेला माणूस गावी ‘मला आजार आहे’ असे सांगत फिरतो. त्याला नेमके काय आहे हे ठरवणारी तपासणी झालेलीच नसते.

हल्ली बोटाच्या थेंबभर रक्तावर दहा-पंधरा मिनिटांत रेघा दाखवणारे किट मिळतात. ते ए आणि एस वेगळे दाखवतात, त्यामुळे एएस-एसएसचा प्रश्न बराच सुटतो, आणि काही नवजातांतही चालतात. मात्र किटागणिक वाचन उलटे असते. काहींत रेघ उमटली म्हणजे ते हिमोग्लोबिन आहे, तर काहींत रेघ उमटली नाही म्हणजे ते आहे. किटची कंपनी बदलली की जुन्या सवयीने वाचणाऱ्या टेक्निशियनचा अख्खा दिवस उलटा लागू शकतो. पुरवठा बदलला की पहिल्या दिवशी प्रत्येक टेबलावर ते पत्रक वाचून दाखवणे हा पाच मिनिटांचा उपाय आहे. शिवाय हे किट थॅलेसेमियाचा वाहक किंवा हिमोग्लोबिनचे डी, ई हे इतर बदललेले प्रकार दाखवत नाहीत.

हा शेवटचा मुद्दा जोडप्यांच्या बाबतीत फार महत्त्वाचा आहे. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, म्हणजे दोघेही एकाच शिबिरात हजर असतात; ही तपासणीच्या दृष्टीने चांगली संधी आहे. पण होते असे. नवरा सोल्युबिलिटी पॉझिटिव्ह, बायको निगेटिव्ह. त्यांना सांगितले जाते, दोघांपैकी एकालाच आहे, काळजी नको. बायको जर बीटा थॅलेसेमियाची वाहक असेल तर तिची सोल्युबिलिटी निगेटिव्हच येणार, आणि तरीही प्रत्येक गरोदरपणात मुलाला सिकल-बीटा थॅलेसेमिया होण्याची शक्यता चारात एक राहते. हा आजार एसएसइतकाच तीव्र असू शकतो. हिमोग्लोबिन डी पंजाबच्या बाबतीतही तसेच. म्हणून जोडप्यातला एक पॉझिटिव्ह निघाला की दुसऱ्याची एचपीएलसी (यंत्रावर प्रत्येक हिमोग्लोबिनचे प्रमाण वेगळे मोजणारी तपासणी) झालीच पाहिजे, त्याचा किंवा तिचा स्क्रीनिंगचा निकाल काहीही असो. बाई गरोदर असेल तर हे आणखी घाईचे असते, कारण गर्भाच्या वारेतल्या पेशींची तपासणी साधारण ११व्या आठवड्यापासून करता येते आणि तोवर दोघांचे पॅटर्न हातात असावे लागतात. तिचे पहिले तीन महिने फडावर गेले तर ती वेळ निघून जाते. थॅलेसेमियासाठी ०.३६ टक्के बफर्ड सलाइनची नेस्ट्रॉफ्ट ही स्वस्त नळी-चाचणी आहे: २ मिलिलीटर सलाइनमध्ये २० मायक्रोलीटर रक्त, अर्ध्या तासाने रेघ दिसली तर निगेटिव्ह. पण लोहाच्या कमतरतेतही ती पॉझिटिव्ह येते, त्यामुळे आपल्याकडच्या मजूर बायकांत तिचा पॉझिटिव्ह निकाल फक्त ‘पुढे तपासा’ एवढेच सांगतो.

एचपीएलसी हे पक्के निदान म्हणतात, ते बव्हंशी खरे आहे. पण यंत्रातून आलेली आलेखाची पट्टी न वाचता सही करून पाठवणे हे दुसरे संकट आहे. वाहकात ए हे एसपेक्षा जास्त असते आणि एस साधारण ३० ते ४० टक्के. एसएसमध्ये ए नसते. एस आणि एफ असते. ए असूनही एस त्यापेक्षा जास्त आणि ए-२ (एरवी अगदी थोडे असणारे हिमोग्लोबिन) वाढलेले असेल, तर तो एएस नसून सिकल-बीटा थॅलेसेमिया असण्याची शक्यता असते. रक्त चढवलेला एसएस रुग्ण पट्टीवर हुबेहूब वाहक दिसू शकतो. ए-२ साडेतीन टक्क्यांच्या वर गेले की बीटा थॅलेसेमियाचा वाहक धरतात, पण लोह कमी असेल तर ए-२ खाली उतरते. साडेतीनच्या आसपासचा आकडा आणि एमसीव्ही (तांबड्या पेशीचे सरासरी आकारमान) ८०पेक्षा कमी असेल तर लोहाच्या गोळ्या देऊन तीनेक महिन्यांनी पुन्हा नमुना घ्यावा. हिमोग्लोबिन ई पट्टीवर ए-२च्याच जागी येते. ‘ए-२ २८ टक्के’ असा अहवाल पाहिला की तो ई समजावा. पूर्व आणि ईशान्य भारतातून आलेल्या बांधकाम मजुरांत हे दिसते. क्षारीय इलेक्ट्रोफोरेसिसवर (विजेच्या प्रवाहाने हिमोग्लोबिन वेगळी करण्याच्या पद्धतीत) एस आणि डी एकाच जागी थांबतात, त्यामुळे ज्या प्रयोगशाळेत फक्त तेच यंत्र आहे तिने सोल्युबिलिटी जोडल्याशिवाय ‘एस’ लिहू नये.

नमुन्याची वाहतूक हा कंटाळवाणा विषय आहे, पण निम्मे घोटाळे तिथलेच. जांभळ्या टोपणाच्या ईडीटीए नळीत २ मिलिलीटर रक्त, लगेच आठ-दहा वेळा अलगद उलटसुलट, मग दोन ते आठ अंशांत. एचपीएलसी शक्यतो आठवड्याच्या आत. गोठवू नये, नळी थेट बर्फाला टेकवू नये. जुन्या नमुन्यात हिमोग्लोबिन विघटित होऊन पट्टीवर नसलेली शिखरे उगवतात. नळीवर नाव रक्त घेतल्यानंतर, माणूस समोर असतानाच लिहावे. आधी नावे लिहून ठेवलेल्या नळ्यांत एका टोळीतल्या एकाच नाव-आडनावाच्या दोघांचे रक्त अदलाबदल होते. वडिलांचे नाव, गाव आणि पाडा लिहिल्याशिवाय नळी पेटीत जाऊ नये. मोबाइल क्रमांकाच्या भरवशावर राहू नये, कारण हंगामागणिक सिम बदलते. गावच्या आशाताईंचा क्रमांक जास्त टिकतो.

यादीच्या धोक्याविषयी. अमेरिकेत १९७०च्या दशकात सिकलसेल तपासणीची लाट आली तेव्हा वाहक आणि रुग्ण यांतला फरक न समजल्याने निरोगी कृष्णवर्णीय वाहकांना नोकऱ्या नाकारल्या गेल्या, विम्याचे हप्ते वाढले. तिथल्या हवाई दलाच्या अकादमीचे दार वाहकांना १९८१पर्यंत बंद होते. लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेतल्या कर्मचाऱ्यांची त्यांना न सांगता सिकलसाठी तपासणी केल्याचे प्रकरण न्यायालयात गेले आणि १९९८ साली अपील न्यायालयाने खासगीपणाच्या भंगाचा तो दावा चालवण्याजोगा ठरवला. भीतीला वैद्यकीय आधार किती होता? २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या, अमेरिकी लष्करातील सुमारे ४८ हजार कृष्णवर्णीय सैनिकांच्या अभ्यासात वाहकांत मृत्यूचा धोका वाढलेला आढळला नाही. अतिश्रमाने स्नायू विघटित होण्याचा धोका सुमारे दीडपट निघाला. त्याच अभ्यासात तंबाखूनेही तो जवळपास तेवढाच वाढत होता. तंबाखू मळणाऱ्याला फडावरून कुणी परत पाठवत नाही.

आपल्याकडे एचआयव्हीच्या बाबतीत २०१७चा कायदा नोकरीसाठी चाचणीची अट घालू देत नाही. सिकलसेल किंवा थॅलेसेमियाच्या वाहकासाठी तसे स्पष्ट संरक्षण नाही. २०१६चा दिव्यांग हक्क कायदा सिकलसेल आणि थॅलेसेमियाच्या रुग्णांना दिव्यांगांत मोजतो, वाहकाला नाही. तसे मोजायची गरजही नाही. पण उचल देऊन बांधून घेतलेल्या मजुराच्या बाबतीत कायद्याआधी व्यवहार चालतो. मुकादमाच्या हाती पॉझिटिव्हची यादी पडली की पुढच्या हंगामात ‘आजारी माणूस’ म्हणून उचल कमी होते किंवा कोयताच नाकारला जातो. मुलीचे नाव त्यात असेल तर बातमी तिच्याआधी गावात पोहोचते. म्हणून संमती मुकादमासमोर घेऊ नये, भिली, पावरी, कोरकू, माडिया जी भाषा असेल तीत समजावून घ्यावी, आणि निकाल ज्याचा त्याच्या हाती बंद पाकिटात द्यावा. मालकाला फक्त आकडे द्यावेत: किती तपासले, किती जणांना पुढे पाठवायचे. ‘नाव कळल्याशिवाय हलके काम कसे देणार?’ असे विचारले जाते. एसएस रुग्णाने डॉक्टरांचे पत्र स्वतः दाखवले तर हलके काम द्यावेच. वाहकासाठी जे करायचे ते सर्वांसाठीच करायचे असते: उन्हात काम चालू असताना दर १५ ते २० मिनिटांनी पेलाभर पाणी, मध्ये सावलीत विश्रांती, आणि दीर्घ सुट्टीनंतर पहिल्याच दिवशी पूर्ण भाराचे काम नाही. याला रक्त तपासावे लागत नाही.

मग तपासणी कुठे? गावात, निघण्याआधी. ऊसतोडीच्या टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमारास हलतात. एचपीएलसीचा निकाल जिल्ह्याच्या ठिकाणाहून परत यायला दोन-तीन आठवडे धरले, तर नमुने श्रावण-भाद्रपदात घेतले पाहिजेत. दिवाळीच्या आठवड्यात घेतलेल्या नमुन्याचा निकाल रिकाम्या घराच्या दाराशी येतो. दुसरी संधी होळीची. सातपुड्यात होळीआधीचा भोंगऱ्या बाजार आणि होळी यांसाठी माणसे कुठूनही परत येतात. राहून गेलेल्यांचे नमुने आणि आधीच्यांचे निकाल दोन्ही त्या आठ-दहा दिवसांत उरकता येतात. फक्त बाजाराच्या गर्दीत टेबल मांडून निकाल पुकारू नयेत. त्यासाठी पाड्यावरच जावे लागेल. पूर्वी एकदा पक्के निदान झालेल्याची पुन्हा तपासणी करू नये. पॅटर्न जन्मभर बदलत नाही. तरी एकाच माणसाला तीन योजनांखाली तीनदा टोचलेले आढळते आणि आकडेवारीत तो तीन माणसे होतो.

कार्डावर नुसता रंग किंवा ‘पॉझिटिव्ह’ शब्द नको. चाचणीची पद्धत, ए, एस, एफ आणि ए-२ यांचे टक्के, तारीख, प्रयोगशाळेचे नाव आणि ‘तीन महिन्यांत रक्त चढवले: होय/नाही’ एवढे असले तर सुरतेच्या किंवा वारंगळच्या डॉक्टरला पुन्हा शून्यापासून सुरुवात करावी लागत नाही. कार्ड घामाने विरते, म्हणून लॅमिनेट करावे आणि मजुराच्याच मोबाइलमध्ये त्याचा फोटो काढून द्यावा. एसएस रुग्णाच्या कार्डामागे धोक्याच्या खुणा हव्यात: १०१च्या वर ताप, छातीत दुखून धाप, अचानक पांढरेफटक पडणे आणि पोट फुगणे, एका बाजूची ताकद जाणे, तास-दोन तासांहून जास्त टिकलेली लिंगाची वेदनादायक ताठरता. यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी रुग्णालय. हातापायांच्या ठणक्याला कामचुकारपणा समजून दोन दिवस थांबवलेला रुग्ण छातीच्या गुंतागुंतीत जातो, हे मुकादमाला कुणाचे नाव न घेताही शिकवता येते.

डॉक्टरांसाठीही एक ओळ हवी. हिमोग्लोबिन सात आहे म्हणून एसएस रुग्णाला सवयीने लोहाच्या गोळ्या किंवा रक्ताची बाटली लावू नये. त्याचे नेहमीचे हिमोग्लोबिनच तेवढे असू शकते. लोह कमी असल्याचे दिसले तरच लोह. उलट एएस गरोदर बाईचे लोह ‘सिकल आहे’ म्हणून बंद करणे ही तितकीच चूक आहे.

गडचिरोलीसारख्या हिवतापाच्या भागातून येणाऱ्यांसाठी तांबड्या पेशींना जपणाऱ्या जी-६-पीडी या एन्झाइमचा विचार याच रक्तात व्हावा. व्हायव्हॅक्स हिवतापात १४ दिवस प्रायमाक्विन देतात आणि या एन्झाइमची कमतरता असलेल्याच्या पेशी त्याने फुटतात. ही कमतरता एक्स गुणसूत्रावरची, त्यामुळे पुरुषांत जास्त दिसते. चाचणी पेशी फुटण्याच्या भरात केली तर खोटी नॉर्मल येते, कारण त्या वेळी रक्तात ताज्या पेशीच उरलेल्या असतात. ती तीनेक महिन्यांनी पुन्हा करावी. चाचणीची सोय नसेल तिथे निदान ‘लघवी काळ्या चहासारखी झाली तर गोळी थांबव आणि लगेच ये’ हे वाक्य औषधाबरोबर द्यावे.

राहता राहिले औषध. एसएस रुग्णाला हायड्रॉक्सीयुरिया किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम रोज सुरू करतात. वेदनेचे झटके आणि रक्त चढवण्याची गरज दोन्ही कमी होतात. सुरुवातीला दर चार आठवड्यांनी आणि मात्रा स्थिरावल्यावर दोन-तीन महिन्यांनी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) लागते, कारण पांढऱ्या पेशी किंवा प्लेटलेट घसरू शकतात. प्लेटलेट ८० हजारांखाली गेल्या की गोळी थांबवून पुन्हा तपासतात. गरोदरपणात आणि मूल हवे असताना देत नाहीत. हे औषध गावच्या केंद्रातून महिन्याच्या हिशेबाने मिळते आणि रुग्ण पाच महिने परराज्यात असतो. पहिला महिना संपला की गोळी बंद, आणि दोन-तीन महिन्यांत तिचा परिणाम ओसरतो. म्हणून ज्यांची मात्रा स्थिर आहे त्यांना निघताना सीबीसी करून तीन महिन्यांची औषधे आणि फॉलिक ॲसिड द्यावे. ज्यांची मात्रा अजून ठरते आहे त्यांना जाण्याच्या ठिकाणाजवळचे नेमके आरोग्य केंद्र कार्डावर लिहून द्यावे आणि त्या केंद्राला आधी कळवावे. नंदुरबार आणि लगतच्या गुजरातच्या जिल्ह्यांत, गडचिरोली आणि तेलंगणाच्या सीमेवरील जिल्ह्यांत जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांच्या पातळीवर एवढी देवाणघेवाण हंगामापूर्वी एका बैठकीत ठरू शकते: कोणत्या तालुक्यातून अंदाजे किती रुग्ण कोणत्या कारखान्याच्या परिसरात जाणार, तिथल्या कोणत्या केंद्रात कॅप्सूल आणि सीबीसीची सोय असेल, आणि शेजारच्या राज्याचे कार्ड पाहून औषध नाकारायचे नाही. येत्या हंगामाच्या टोळ्या हलण्यापूर्वी ही बैठक व्हावी, अशी आमची आरोग्य विभागाकडे मागणी आहे.

आपले,
आनुवंशिक रक्तविकारांच्या तपासणीत व समुपदेशनात काम करणारे काही तंत्रज्ञ, समुपदेशक व डॉक्टर